घरच्या समुद्रात, घरच्या रस्त्यावर: मिरामारच्या ७०.३ शर्यतीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

आयर्नमॅन ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. बेरीज ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३. गोव्यातली पहिली शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीत मिरामारला झाली. कोविडमुळे दोन वर्षे खंड पडला आणि नोव्हेंबर २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे पणजी परिसरातल्या ट्रायथलीटना एरवी न मिळणारी गोष्ट मिळाली: मोठी शर्यत, पण रात्री आपल्याच अंथरुणावर झोपून.

हे प्रकरण अशाच एका खेळाडूचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे मात्र त्याच्या घड्याळातले आणि सायकलच्या पॉवर मीटरमधले आहेत. वय ४२, बँकेत नोकरी, घर ताळगावात, कुटुंब मूळचे सावंतवाडीकडचे. वजन ७२ किलो, एफटीपी (तासभर टिकवता येईल अशी ताकद) २३० वॅट. प्रशिक्षक पुण्यात, संपर्क फोनवर.

बाहेरगावी, थंड हवेत केलेल्या ७०.३ मध्ये त्याने ५ तास ५१ मिनिटे घेतली होती. घरच्या पहिल्या शर्यतीत लागले ६ तास ३३ मिनिटे. दोन्हींची फोड अशी:

बाहेरगाव: पोहणे ३८ मिनिटे, टी१ (पोहण्यावरून सायकलवर जाताना कपडे-सामान बदलण्याचा वेळ) ५, सायकल २:५६, टी२ (तसाच सायकलवरून धावण्याकडे जातानाचा) ४, धावणे २:०८.
मिरामार: पोहणे ४१ मिनिटे, टी१ ६, सायकल २:५८, टी२ ५, धावणे २:४३.

म्हणजे ४२ मिनिटांच्या फरकातली ३५ मिनिटे एकट्या धावण्यात गेली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत पुन्हा उतरायचे ठरले. त्या तयारीचा आणि शर्यतीचा हा आढावा.

अडचण नेमकी कुठे होती

"घरचे हवामान मला सवयीचे आहे," असे खेळाडू ठामपणे म्हणत होता. नोंदवही तपासल्यावर दिसले की सवय पहाटेच्या हवामानाची होती. त्याचे सगळे धावणे साडेपाच ते सात या वेळेत व्हायचे, कारण नंतर बँक. शर्यतीत धावणे सुरू होते अकराच्या सुमाराला, तीन तास सायकल मारून झाल्यावर, डोक्यावर ऊन घेऊन. गोव्यात राहणारा माणूस अकराच्या उन्हात धावायला तयार असतोच असे नाही. घामाच्या ग्रंथी आणि रक्तातल्या पाण्याचे प्रमाण उन्हाशी जुळवून घेते ते त्या उन्हात शरीर तापल्यावर. नुसत्या पत्त्यावर ते होत नाही.

हे पडताळायला एक सोपी चाचणी केली. पहाटे एक तास धावणे, आधी आणि नंतर अंग पुसून उघड्या अंगाने वजन, मधे प्यायलेले पाणी मोजून. घाम तासाला १.१ लिटर. मग चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, साडेदहाला तोच वेग, तोच रस्ता. आधी ७२.४ किलो, नंतर ७१.३ किलो, मधे अर्धा लिटर पाणी. म्हणजे १.६ लिटर. आदल्या वर्षीचे सगळे पाण्याचे गणित १.१ वर बसवलेले होते. सायकलवर त्याने ७५० मिलिलिटरच्या दोनच बाटल्या घेतल्या, म्हणजे तीन तासांत दीड लिटर. सायकलवर वाऱ्यामुळे घाम थोडा कमी, तासाला १.२ लिटर धरला तरी धावायला उतरताना तो दोन लिटरहून जास्त तुटीत होता. वजनाच्या जवळजवळ ३ टक्के.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हलका वाहतो, दहाच्या सुमारास खारा वारा उठतो. मिरामारहून बांबोळीचा चढ चढून गोवा वेल्हा आणि आगशीपर्यंतचा रस्ता खेळाडूला खड्ड्याखड्ड्यासह पाठ होता, पण शांत हवेतला. आदल्या वर्षी वारा उठल्यावर त्याने वेग टिकवायला ताकद वाढवली. सरासरी १७८ वॅट, एफटीपीच्या ७७ टक्के. शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये तेवढ्याच वॅटला हृदयगती सुरुवातीच्या १४६ वरून १५८ वर गेली. घड्याळ जे सांगत होते ते ऐकले गेले नाही.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि ती आकड्यांत मावत नाही. धावण्याचा मार्ग मिरामार परिसरातच, फेऱ्यांचा. दर शंभर मीटरवर कोणीतरी ओळखीचे. पहिले ६ किलोमीटर त्याने किलोमीटरला ५:३० मिनिटांच्या वेगाने काढले, म्हणजे थंड हवेतल्या स्वतःच्या सरासरीपेक्षाही वेगाने. चौदाव्या किलोमीटरला मेहुणा सोबत धावू लागला. "भावोजी, बर्फ घ्या, कोण बघतोय!" खेळाडूने बर्फ घेतला. अधिकाऱ्याने पाहिले, ताकीद देऊन सोडले. नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाची मदत, मग ती बर्फाची पिशवी असो, पाण्याची बाटली असो की शेजारी धावून दिलेली सोबत असो, अपात्र ठरवायला पुरते. परगावी ही वेळ येत नाही, कारण तिथे बर्फ घेऊन धावणारा मेहुणा नसतो.

शर्यतीआधीचे दोन दिवसही तसेच गेले होते. घरी नऊ पाहुणे. शनिवारी दुपारी सायकल जमा करून परतताना खेळाडूच थिवी स्थानकावर दोघांना आणायला गेला. आजूबाजूला दिवाळीसाठी नरकासुराचे पुतळे उभे राहत होते, मध्यरात्रीपर्यंत ढोल आणि गाणी. झोप जेमतेम चार तास.

तोलून पाहिलेले पर्याय

*मुक्काम.* तीन पर्याय होते. एक, घरीच राहायचे आणि पाहुण्यांना येऊ नका सांगायचे. दोन, मिरामारजवळ लॉजमध्ये दोन रात्री. तीन, करंजाळ्यात सहकाऱ्याचा रिकामा फ्लॅट. प्रशिक्षकांचा आग्रह लॉजचा होता, कारण तिथे कोणी भेटायला येत नाही. पण लॉजमध्ये स्वतःचे जेवण शिजवता येत नाही आणि पहाटे चारला कोणी नाश्ता देत नाही. पाहुण्यांना नाही म्हणणे खेळाडूला जमणार नव्हते आणि ते योग्यही नव्हते, कारण वर्षभर त्याच्या सरावासाठी घर सांभाळणारी हीच माणसे होती.

फ्लॅटचे ठरले तेव्हा आईला लागले. "स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या घरात निजायला जातोस?" हा प्रश्न वाद घालून सुटणारा नव्हता. तोडगा निघाला तो पेजेवर. शनिवारी रात्रीचे आणि रविवारी पहाटेचे जेवण आईनेच करायचे, बायकोने फ्लॅटवर पोचवायचे. पाहुणे घरी उतरले, त्यांची सरबराई भावाने घेतली. आईला काम मिळाले, खेळाडूला रात्र मिळाली.

*उन्हाची सवय.* रजा घेऊन दोन आठवडे रोज अकराला धावणे सगळ्यात उत्तम, पण तेवढी रजा नव्हती. व्यायामानंतर ४० अंशांच्या पाण्यात वीस ते तीस मिनिटे गळ्यापर्यंत बसणे हा दुसरा मार्ग अभ्यासलेला आहे, मात्र टब नव्हता. तिसरा मार्ग म्हणजे संध्याकाळी बंद खोलीत पंखा न लावता ट्रेनरवर (सायकल एका जागी धरणाऱ्या स्टँडवर) सायकल. तो निवडला, आणि सुट्टीच्या दिवशी खरे ऊन.

*सायकलचा वेग.* प्रशिक्षकांनी एफटीपीच्या ७० ते ७३ टक्के सांगितले. खेळाडूला ७५ हवे होते. त्याच्या मते ८ वॅट म्हणजे चार मिनिटे फुकट घालवणे. हा वाद आठवडाभर चालला. शेवटी आदल्या वर्षीच्या धावण्यातले शेवटचे ९ किलोमीटर दोघांनी मिनिटामिनिटाने पाहिले. तिथे प्रत्येक किलोमीटरला साडेतीन मिनिटे जास्त लागत होती. चार मिनिटांचा वाद तिथेच संपला आणि १६५ वॅट ठरले.

प्रत्यक्ष तयारी

शेवटच्या तीन आठवड्यांत, १६ दिवसांत ११ वेळा शरीर तापवले: चार वेळा अकराच्या उन्हात धावणे, सात वेळा बंद खोलीत ४५ मिनिटे सायकल. शेवटचे सत्र शर्यतीच्या पाच दिवस आधी. ६:२० च्या वेगाला हृदयगती पहिल्या दिवशी १६१ होती, शेवटच्या उन्हातल्या सत्रात १५१. बंद खोलीतले सत्र एकट्याने करू नये. घरात कोणी असावे, आधी-नंतर वजन घ्यावे, गरगरले किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबावे.

पाण्याचे गणित नव्याने मांडले. बाजारात मिळणारी ओआरएसची २१.८ ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते आणि तिच्यात साधारण १.७ ग्रॅम सोडियम असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अर्धी पुडी घातली की सुमारे ८६० मिलिग्रॅम सोडियम मिळते. त्यात ६० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (कार्बोहायड्रेटची पूड). अशा दोन बाटल्या, वर वाटेतल्या मदतकेंद्रांवरून साधे पाणी सुमारे १.१ लिटर आणि प्रत्येकी २२ ग्रॅम कार्बोहायड्रेटची चार जेल. एकूण २.६ लिटर द्रव आणि तासाला ७० ग्रॅमच्या वर कार्बोहायड्रेट. घाम पूर्ण भरून काढायचा प्रयत्न मुद्दाम केला नाही. तासाला लिटरभर पाणी पोटात हिंदकळते, उलटी होते, आणि नुसते पाणी जास्त प्यायल्यास रक्तातले सोडियम धोक्याइतके खाली जाते. शहाळ्याचे पाणी खेळाडूच्या आवडीचे. पण त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून ते शर्यतीनंतरसाठी ठेवले.

समुद्र हा घरच्या खेळाडूचा हुकमी एक्का मानला जातो. खरे तर जून ते सप्टेंबर पावसाळी समुद्र पोहण्यासाठी बंद असतो. तेव्हा सराव कांपालच्या जलतरण तलावात. समुद्र उघडल्यावर हातात पाच-सहा आठवडेच उरतात. खेळाडू दर रविवारी सातला मिरामारला पोहायचा, पण त्या वेळी भरती होती की ओहोटी हे कधीच लिहिले जात नव्हते. मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे. ओहोटीत नदीचे पाणी बाहेर ओढते, भरतीत आत ढकलते. भांगाच्या (छोट्या भरतीच्या) दिवसांत हा ओढा सौम्य, उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत जोरदार. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून शर्यतीच्या सकाळची वेळ काढली, आणि तशाच पाण्यात दोन वेळा पोहणे झाले. दोनच, कारण बाकीचे रविवार जुळले नाहीत.

समर्थकांसाठी एक पान छापले. कोण कुठे उभे राहील, आणि कशाला हात लावायचा नाही. पाणी, बर्फ, टोपी, काहीही द्यायचे नाही. दोरीच्या अलीकडे यायचे नाही. शेजारी धावायचे नाही. मेहुण्याला मुद्दाम काम दिले: घड्याळ बघून पुढच्याशी किती अंतर आहे ते ओरडून सांगणे. बायको पहिल्या दोन किलोमीटरच्या आत उभी राहणार होती, हातात पुठ्ठा, त्यावर एकच आकडा: ६:२०.

शर्यतीचा दिवस

शनिवारी सायकल जमा करताना टायरमधली हवा ६८ वरून ५० पीएसआयवर आणली. दुपारच्या उन्हात रॅकवर टांगलेल्या सायकलच्या भरलेल्या टायरमध्ये दाब वाढतो, आणि जुना किंवा चिरलेला टायर तिथेच फुटतो. सकाळी पंपाने पुन्हा ६८. खाऱ्या हवेत रात्रभर राहिलेल्या चेनवर दोन थेंब तेल.

पहाटे चारला पेज. १२० ग्रॅम उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत दोन केळी. सुमारे १४५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोला दोन ग्रॅम. आदल्या दीड दिवसात मासे, सोलकढी, डाळी, कोशिंबीर बंद. डबा उघडला तेव्हा वर कागदाच्या पुडीत लिंबाच्या लोणच्याची फोड होती. ती त्याने खाल्ली नाही, पण पुडी खिशात ठेवली.

पोहण्यात चूक झाली, आणि ती घरच्या माहितीमुळेच झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथले पाणी वेटसूटसाठी (अंग तरंगते ठेवणाऱ्या रबरी पोशाखासाठी) ठरलेल्या २४.५ अंशांच्या मर्यादेच्या बरेच वर असते, म्हणून तो नसतो आणि शरीर पाण्यात खाली बसते. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे किनाऱ्याकडे परतताना सूर्य थेट डोळ्यांत येतो. बाहेर जाताना खेळाडूने आग्वादच्या बाजूची ठरलेली खूण धरली, परतताना झाडांच्या रांगेतली नेहमीची उंच इमारत. मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बॉयांकडे पाहिलेच नाही. ओहोटीचा ओढा त्याला रेषेबाहेर नेत होता, आणि खूण तर रविवारच्या सरावाची होती, शर्यतीच्या मार्गाची नव्हती. घड्याळात १.९ ऐवजी २.१ किलोमीटर. वेळ ४३ मिनिटे, आदल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटे जास्त.

सायकलवर कसोटी साठाव्या किलोमीटरला लागली. खारा वारा उठला होता आणि क्लबमधला जोडीदार शेजारून पुढे गेला, हाताने चल म्हणत. त्याच्या चाकामागे बसणे शक्य नव्हते: १२ मीटरचे अंतर राखावे लागते, ते मोडले तर पाच मिनिटांचा दंड. म्हणजे सोबत जायचे तर स्वतःच्या ताकदीने, सुमारे १९० वॅटने. खेळाडूने पॉवर मीटरचा आकडा पाहिला आणि १६५ वर राहिला. सायकल ३ तास ४ मिनिटे. बाटल्या दोन्ही रिकाम्या, जेल चारही संपलेले.

धावायला उतरल्यावर पहिला किलोमीटर ५:४८. करंजाळ्याकडच्या गर्दीतून नावाने हाका येत होत्या. मग पुठ्ठा दिसला. बायको काही बोलली नाही, फक्त आकडा वर धरला. दुसरा किलोमीटर ६:१९. प्रत्येक मदतकेंद्रावर तीस सेकंद चालणे, टोपीत बर्फ, दोन घोट पाणी, एक घोट मीठपाणी. सोळाव्या किलोमीटरला डाव्या टाचेला फोड आला. डोक्यावर ओतलेले पाणी पाय ओले करून बुटात साचत होते, आणि ओल्या मोज्यात कातडी घासली. तिथे दोनेक मिनिटे गेली. मेहुणा दोरीपलीकडून अंतरे ओरडत राहिला. त्याचा हात एकदाही पुढे आला नाही.

निष्पत्ती

पोहणे ४३ मिनिटे, टी१ ५, सायकल ३:०४, टी२ ४, धावणे २:१४. एकूण ६ तास १० मिनिटे. आदल्या वर्षीपेक्षा २३ मिनिटे कमी. सायकलवर ६ मिनिटे सोडून धावण्यात २९ मिनिटे मिळाली. सहा तासांचे लक्ष्य मात्र हुकले. त्या दहा मिनिटांतली तीन ते चार पाण्यात वाकडी वाट धरल्याने गेली, दोन फोडामुळे. उरलेली उन्हाची आहेत असे आमचे मत आहे. त्या तापमानात त्या दिवशी त्याच्या शरीराकडून यापेक्षा फार काही मिळाले नसते. शर्यत संपल्यावर वजन ७०.९ किलो, म्हणजे दीड टक्क्याची तूट. उलटी नाही, गोळे नाहीत.

वेगळे काय करता आले असते

समुद्राचा सराव रविवार पाहून करायचा नाही, तक्ता पाहून करायचा. शर्यतीच्या सकाळी पाण्याची जी अवस्था असेल, तशीच अवस्था असलेले निदान पाच दिवस तक्त्यातून शोधून ठेवावेत, मग तो मंगळवार असो. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी बॉया बसल्यावर किनाऱ्यावर उभे राहून प्रत्येक वळणामागची खूण नव्याने निवडावी. जुन्या खुणा विसराव्यात. दर सहा हातांमागे एकदा डोके वर, नजर बॉयावर. परतीच्या उन्हासाठी काळ्या काचांचा गॉगल.

फोडाचा उपाय त्याहून सोपा आहे. पाणी डोक्यावर उभ्याने ओतायचे नाही. कमरेत वाकून मानेवर आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओतले की ते जमिनीवर पडते, बुटात जात नाही. टी२ च्या पिशवीत कोरड्या मोज्यांची दुसरी जोडी आणि टाचेला आधीच लावलेली चिकटपट्टी.

बंद खोलीतल्या सात सत्रांऐवजी पाच, आणि अकराच्या उन्हातली चार ऐवजी सहा करता आली असती. त्यासाठी दोन दिवस रजा पुरली असती. प्रशिक्षकांनी ते सुचवले होते, पण खेळाडूने रजा पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. पाहुण्यांची व्यवस्था भावाने घेतल्यावर ती रजा तशीच शिल्लक राहिली.

एक निर्णय अजून झालेला नाही. फ्लॅट सहकाऱ्याने भाड्याने दिला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी तो नसेल. लॉजची खोली दोन रात्रींसाठी आतापासून धरावी असे प्रशिक्षकांना वाटते. खेळाडूची आई म्हणते, मागची खोली रिकामी करून देते, दारात कोणाला फिरकू देणार नाही. खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे आणि समोरच्या चौकात दरवर्षी नरकासुर उभा राहतो. दिवाळी आणि शर्यत यांत किती दिवसांचे अंतर पडते ते कळले की ठरवायचे असे सध्या ठरले आहे.